सेतुरावांच्या देवी

देवीचे डोळे रंगवताना सेतुराव खोलीचं दार लावून घेत. तमिळ मुलखातल्या मेलकावेरीतलं त्यांचं घर तंजावरी चित्रांसाठी प्रसिद्ध होतं. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहून संगणकाचं काम करायचे. देवीचा चेहरा कुठून आणता, असं विचारलं की आपल्या जुन्या मराठीत म्हणत, "हातांतून येतो. मला कांहीं ठाऊक नाहीं."

वयानं हात कापू लागला तेव्हा ते माझ्याकडे आले. कच्ची रेखाटनं संगणकानं करावीत, सोन्याचा वर्ख आपण चढवू, असा त्यांचा बेत होता. मी त्यांच्या देवींचे फोटो घेऊन एम्बेडिंग शिकवायला बसले. यात चित्रं काढणाऱ्या संगणकी मॉडेलला एक नवा, बिनअर्थाचा शब्द द्यायचा. सगळ्या चित्रांत जे सारखं असेल ते त्या शब्दाशी जोडलं जातं.

मी तो शब्द घालून नावाडी मागितला, मासळीवाली मागितली. सगळ्यांना एकच चेहरा आला: लांबट हनुवटी, डावी भुवई जरा वर.

"बिघडलंय," मी म्हणाले. "फोटो बदलून पुन्हा करते."

सेतुराव पडद्याजवळ वाकले. "बिघडलें नाहीं. ही यमुना. माझी धाकटी बहीण."

यमुनाबाईंनी एका तमिळ मास्तरांशी लग्न केलं होतं. त्या दिवशी सेतुरावांनी, ती मेली असं समजून, अंघोळ केली होती. हे सांगताना त्यांची मान वर झाली नाही.

त्यांनी कुंचला बाजूला ठेवला. काही दिवसांनी मला घेऊन ते पट्टीश्वरमला बहिणीच्या घरी गेले. यमुनाबाईंनी दार उघडलं, ताक दिलं. सेतुरावांनी ते हातातच धरलं.

"तू मेलीस म्हणून मी न्हालों, यमुने."

"ठाऊक आहे."

सेतुरावांनी संगणकातली चित्रं पुढे केली. यमुनाबाईंनी ती सावकाश पाहिली. "इतक्या लोकांच्या देवघरांत बसवलेंस मला," त्या म्हणाल्या, "आपल्या घरांत तेवढें नाहीं."

ही गोष्ट आम्हा तिघांतच राहिली असती. पण सेतुरावांनी घरी येऊन मुलं-सुनांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. अंघोळीचंही लपवलं नाही.

पुढे ते दर शुक्रवारी पट्टीश्वरमला जात. घरी चल म्हणायचं धैर्य मात्र त्यांना कधीच झालं नाही. ते वारले त्या दिवशी यमुनाबाई घरी आल्या आणि थोरल्या सुनेनं हाताला धरून आत नेईपर्यंत बाहेर ओट्याखालीच उभ्या राहिल्या.