नडगीवरची टकटक

सामना सुरू व्हायच्या आधी आमचे पंच, म्हणजे सर, खाली वाकायचे आणि प्रत्येक खेळाडूच्या नडगीवर बोटांनी टकटक करायचे. दोन्ही संघांतले बावीसच्या बावीस जण, ओळीने. शेजारी वाटीभर साखर मागायला आल्यासारखी, दोनदा. मोज्याआड शिनपॅड, म्हणजे नडगीचं कवच, असला तर कडक आवाज यायचा. नसला तर ते सरळ उभे राहायचे आणि म्हणायचे, "नडगी घरी विसरलात? मग आपणही घरी जा."

पुण्यात हॉकी बघायला येणारी माणसं मोजकीच. त्यातले तुम्ही असाल तर हे तुम्ही पाहिलंच असेल. एरवी ते खेळाडूंना अरे-तुरे करत. तोंडातून 'आपण' बाहेर पडलं की समजायचं, आता काही खरं नाही.

शिनपॅड घालाच, असं काही नियमांच्या पुस्तकात नव्हतं. घालावेत, एवढीच शिफारस होती. हे त्यांना पुष्कळांनी सांगून पाहिलं. "नडगीला शिफारस वाचता येत नाही," हे त्यांचं उत्तर. घरी मात्र त्यांनी कुणालाच पाठवलं नाही. त्यांच्या कापडी पिशवीत शिनपॅडच्या दोन जादा जोड्या असायच्या, घरी धुतलेल्या, पट्ट्या शिवून दुरुस्त केलेल्या. बोलणी खाल्ली की जोडी मिळायची.

हॉकीला दोन पंच लागतात. अर्धं मैदान एकाचं, अर्धं दुसऱ्याचं. सहा-सात वर्षं त्यांचा दुसरा पंच मी होतो. मी वारज्याचा, कॉलेजात खेळाचा शिक्षक. ते हडपसरच्या एका कारखान्यात फिटर. रविवारी पहाटे दोन बस बदलून यायचे आणि माझ्या आधी मैदानावर हजर असायचे. मी मोटारसायकलवरून उतरलो की घड्याळ बघून म्हणायचे, "या मास्तर. वारजं परराज्यात गेलं का?"

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. कुणी काठी उगाच उंच उचलली, कुणी कोपर खुपसलं, की ते जवळून पळता पळता म्हणायचे, "चेंडूला मार रे. चेंडूला आई नाही." पोरं हसायची आणि काठी खाली यायची.

मला वाटायचं, यांची स्वतःची नडगी कधीतरी मोडली असणार. एकदा चहा पिताना विचारलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"माझी नाही मोडली. मी मोडली," ते म्हणाले. "मी फुलबॅक होतो, बचावाला. एक फॉरवर्ड फार नाचवायचा मला. चेंडू पलीकडे गेला, पंचाचे डोळे चेंडूमागे गेले, आणि मी काठी घातली. लाकूड हाडावर कसं वाजतं ते मला माहीत आहे, मास्तर. तो परत कधी खेळला नाही. मी पुढे आठ वर्षं खेळलो."

"कुणी काही बोललं नाही?"

"बोलले ना. शाबास म्हणाले. त्या दिवशी मला कुणीतरी बाहेर काढायला हवं होतं."

मी त्यांना आणखी एक चहा सांगितला. दुसरं काय करणार होतो?

त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या पंचांच्या यादीत त्यांचं नाव आलं. पहिल्यांदाच, आणि वयाच्या अटीमुळे शेवटचंही. त्यांनी कारखान्यात रजा मंजूर करून घेतली होती, नवे बूट घेतले होते आणि ते बूट घरातल्या घरात घालून मऊ करत होते. हे मला त्यांच्या मुलीने सांगितलं. ते स्वतः कसले सांगतायत!

त्याच सुमारास आमच्या साखळी स्पर्धेचा अंतिम सामना होता. यजमान संघाचा फुलबॅक म्हणजे धिप्पाड, देखणा, सगळ्यांचा लाडका गडी. राज्य संघाची निवड आठवड्यावर आली होती आणि त्याचं नाव पक्कं मानलं जात होतं. समोरच्या संघात लोणी काळभोरचा एक विंगर होता, कॉलेजात शिकणारा, काडीसारखा बारीक आणि वाऱ्यासारखा पळणारा. त्याने फुलबॅकला दोनदा चकवून दोन गोल केले. तो त्या दिवशी शिनपॅडशिवाय आला होता. टकटक झाली, बोलणी बसली, पिशवीतली जोडी त्याच्या पायावर चढली.

मग चेंडू सरांच्या अर्ध्या मैदानात, पार पलीकडच्या बाजूरेषेवर गेला. फ्री हिट मिळाली. सगळे तिकडे बघत होते. माझ्यापासून दहा पावलांवर फुलबॅकने विंगरच्या पायावर काठी हाणली. मी पाहिलं. स्पष्ट पाहिलं. शिट्टी माझ्या तोंडातच होती, आणि ती वाजली नाही. यजमान, मंडपातले पाहुणे, पुढच्या स्पर्धांना बोलावणारी पत्रं, हे सगळं क्षणभरात डोक्यात येऊन गेलं. भित्रा माणूस फार वेगाने विचार करतो.

शिट्टी वाजली ती पलीकडून; सरांचे डोळे चेंडूमागे गेले नव्हते. ते अख्खं मैदान पळत आले.

"सर, टॅकल होतं ते," फुलबॅक म्हणाला.

"चेंडू कुठे आहे?"

त्याने पलीकडच्या बाजूरेषेकडे पाहिलं.

"चेंडू तिकडे आहे. आपण इथे कशाला टॅकल करत होतात?" आणि त्यांनी लाल कार्ड वर धरलं.

विंगर उठून उभा राहिला. "काय न्हाय झालं सर, खेळतो मी." मोजा खाली केला तर शिनपॅडला वरपासून खालपर्यंत उभी चीर गेली होती. पाय शाबूत होता.

सामना संपल्यावर स्पर्धेच्या सचिवांनी आम्हाला मंडपामागे बोलावलं. लाल कार्डाचा अहवाल वर गेला असता तर फुलबॅकवर बंदी आली असती, निवड हुकली असती. अहवालावर दोन्ही पंचांच्या सह्या लागतात.

"सर, जरा समजून घ्या. अहवालात पिवळं करून टाकू. पोराचं करिअर आहे," सचिव म्हणाले. "आणि लागलंय कुठे त्या मुलाला? बघा, वडापाव खातोय."

सरांनी पिशवीतून चिरलेला पॅड काढून टेबलावर ठेवला. "पॅड फुटला म्हणून पाय वाचला. पाय वाचला म्हणून मारणारा सुटला. छान आहे हिशोब. मग उद्यापासून आपण पाय मोडायची वाट बघू या का?"

"तुमचंही नाव आहे ना राष्ट्रीयच्या यादीत?" सचिव हळूच म्हणाले. "यादी अजून कायम झालेली नाही."

"माहीत आहे. बूट घेऊन ठेवलेत," सर म्हणाले आणि लाल कार्डाखाली सही करून मोकळे झाले. मग कागद माझ्याकडे सरकवला. "मास्तर, तुम्ही पाहिलंत ते लिहा. माझ्यासाठी म्हणून काही लिहू नका."

मी लिहिलं. फुलबॅकने मुद्दाम मारलं हे लिहिलं, आणि मी पाहूनही शिट्टी वाजवली नाही हेही लिहिलं. आयुष्यात तेवढी सरळ सही मी दुसरीकडे केलेली नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. यादीतून त्यांचं नाव गेलं. अहवाल कुठेतरी हरवला. फुलबॅकची निवड झाली. आम्हा दोघांना पंच म्हणून बोलावणं बंद झालं, आणि सरांनी मैदानात पाऊल ठेवू नये असं फाटकावरच्या माणसाला सांगण्यात आलं. लोक मला अजून म्हणतात, जाऊ द्या मास्तर, झालं गेलं. मी जाऊ देत नाही. इथेही लिहिलंय ते त्याचसाठी.

पुढच्या रविवारी सर नेहमीच्या वेळी आले आणि मैदानाभोवतीच्या तारेच्या जाळीबाहेर उभे राहिले. पायात नवे बूट. सामना सुरू व्हायच्या आधी तो लोणी काळभोरचा विंगर जाळीपाशी आला. त्याने पाय उचलून जाळीला टेकवला.

"सर, बघा की. घातलाय आज."

सरांनी जाळीतून दोन बोटं घातली. टकटक.

त्याच्यामागून त्याचा संघ आला. मग समोरचा. मंडपातून माइकवरून ओरडा चालू होता, "दोन्ही संघांनी मैदानात यावं, ताबडतोब यावं!" एकही जण घाई करेना. पुढचे तीन हंगाम हे असंच चाललं. नियमात जाळीपाशी पाय वर करायला बंदी नाही, हे सचिवांनी बहुधा पुस्तकात शोधून पाहिलं असावं. तो फुलबॅक तेवढा कधी आला नाही. मैदानाच्या मध्ये काठी फिरवत उभा राहायचा.

गेल्या दिवाळीनंतर सर गेले. कारखान्यातच छातीत कळ आली. त्यांच्या मुलीने पिशवी मला आणून दिली. "बाबा म्हणायचे, मास्तरांना उशीर होतो, पण ते येतात," ती म्हणाली. मी रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मग पहिला रविवार आला. मी वेळेआधी पोचलो आणि जाळीबाहेर, त्यांच्या जागी, पिशवी घेऊन उभा राहिलो. पोरं येतील असं मला वाटलं नव्हतं. विंगर आला. पाय वर केला. बाकीचे आले. मी वाजवत गेलो. एकवीस झाले. माइक ओरडत होता. आत नवे पंच शिट्ट्या हातात धरून थांबले होते, आणि एकवीस जण जाळीला टेकून मैदानाच्या मध्याकडे बघत होते.

बऱ्याच वेळाने फुलबॅक चालत आला. पाय जाळीला लावला. मी वाजवलं. आवाज मऊ आला.

"नडगी घरी विसरलात?" मी म्हणालो. "मग आपणही घरी जा."

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. पूर्वी याच गड्यापुढे माझी शिट्टी अडकली होती. या वेळी मी नजर वळवली नाही. पिशवीत हात घातला आणि एक जोडी जाळीवरून आत टाकली. ती त्याच्या पायाशी पडली. त्यातल्या एका पॅडला वरपासून खालपर्यंत उभी चीर होती.

त्याने ती ओळखली.  मग खाली बसला, मोजा खाली केला आणि पट्टी बांधायला लागला.