कॉलेजासाठी बैलांसंगं पळणं

माझा धाकटा भाऊ कॉलेजात गेला तो आपल्या पायांच्या जोरावर, असं तो आजही चारचौघांत सांगतो. त्या पायांना शिकवलं कोणी, ते मात्र सांगायचं राहून जातं. वकील माणूस आहे. कोणती गोष्ट कुठे विसरायची, हे त्याला बरोबर समजतं. म्हणून मीच लिहायला बसलो. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे मास्तर बदलले आणि त्यांचं-माझं जमलं नाही. पण अक्षर माझं भावापेक्षा चांगलं आहे, हे त्याच्या बायकोनंही कबूल केलं आहे.

आमचा मळा नांदगाव पेठेजवळ. वांगी, मेथी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि थोडी फुलं. भाजीची बैलबंडी घेऊन मी पहाटेच अमरावतीच्या बाजारात जायचो. भाऊ मॅट्रिक झाला ते महायुद्धाच्या आधी. तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चालायचा आणि अमरावतीच्या कॉलेजात शिरणं म्हणजे यात्रेच्या दिवशी देवळात शिरण्यासारखं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, सगळीकडची हुशार पोरं त्या एका दाराशी. भाऊही हुशार होता, पण ते गणिताला माहीत नव्हतं.

बाबांनी सांगून टाकलं, कॉलेज मिळालं नाही तर बाजारात दादाजवळ बसायचं. भावाला त्याची धास्ती, आणि मला त्याच्याहून जास्त. वांगी तोलताना तो गिऱ्हाइकाशी गोष्टी करायचा आणि पारडं जमिनीला टेकलं तरी वांगी टाकतच राहायचा.

वाट काढली शाळेच्या ड्रिल मास्तरांनी. ते घरी येऊन म्हणाले, "गुणांवर याचा नंबर लागणं कठीण आहे. पण प्रिन्सिपॉल साहेबांना पळणाऱ्या पोरांचं वेड आहे. मैलाच्या शर्यतीत जो पहिला येईल त्याच्यासाठी एक जागा ते स्वतःच्या हातात ठेवतात. अकोल्याचा एक मुलगा फार जोरात आहे म्हणतात. याला आत्तापासून पळवा." मग कसं पळवायचं तेही ते सांगायला लागले.

मी म्हटलं, "मास्तर, तुमी शाळेचं पाहा. पळवाचं मी पाहतो."

शंकरपटात माझी बैलजोडी पळायची. अकोल्याच्या बाजूच्या पटातसुद्धा लोक माझ्या जोडीचं नाव घ्यायचे. चार पायांचं जमतं त्याला दोन पायांचं काय अवघड? मी भावाला नाल्याच्या रेतीत पळवलं, संध्याकाळी तेलानं पाय चोळले आणि रोज बैलांसाठी सरकीची ढेप भिजवायला काढली की त्याच्याकडे पाहायचो.

"दादा, मी ढेप खाणार नाई."

"मंग गूळ खा. पण तोंड वाकडं करू नको, बैल पाहून राहिले."

पटाचा नवा बैल एकटा पळवत नाहीत. जुन्या बैलाच्या खांद्याला खांदा लावून पळवतात, म्हणजे त्याला चाल येते. भावालाही मी तसंच केलं. जोडी सुटी सोडायची, मध्ये हा, आणि मागून माझी हाळी. जिभेनं टाळूवर दोन टिचक्या आणि मग पोटातून लांब "हुर्रर्र". ती ऐकली की बैल उसळायचे आणि भाऊही उसळायचा. आई ओट्यावरून म्हणायची, "एक पोट्टा साहेब होऊन राहिला अन् एक बैल." कोणता कोण, ते तिनं कधी सांगितलं नाही.

शर्यतीच्या दिवशी मी बाजार उरकून तसाच कॉलेजच्या मैदानावर गेलो. धोतर आणि हातातली बैल हाकायची तुतारी पाहून चपराशानं मला तारेच्या बाहेरच थांबवलं. मी म्हटलं ठीक आहे, तुझं मैदान तुझ्यापाशी. बैल सोडले, बंडीच्या चाकाला बांधले, कडबा टाकला आणि बंडीवर उभा राहिलो. तिथून साहेबापेक्षा चांगलं दिसत होतं.

मैदानाला चार फेरे होते. दोन फेऱ्यांत बाकीची पोरं गळाली. उरले दोघं, आमचा भाऊ आणि तो अकोल्याचा, कापडवाल्या मुसलमान घरचा, हरणासारखा पोरगा. भाऊ त्याच्या खांद्याला खांदा लावून पळत होता. तो वाढला की हा वाढायचा, तो मंदावला की हा मंदावायचा. जसा काही दोघांच्या मानेवर एकच जू. मास्तर आतून ओरडत होते, "अरे, पुढे जा!" हा कुठला पुढे जातो? जोडी सोडून पुढे जायचं मी त्याला शिकवलंच नव्हतं.

शेवटचा फेरा अर्ध्यावर आला. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी हाळी दिली.

भाऊ उसळला, यात शंका नाही. पण हाळी बैलांनीही ऐकली. कासरे तोडून, तारेतल्या फटीतून ते सरळ मैदानात. घुंगरांचा आवाज आला तसा अकोल्याचा पोरगा मागे वळून पाहतो तर काय! तो शर्यत सोडून साहेबाच्या टेबलावर चढला. भाऊ मात्र बिचकला नाही, पळतच राहिला. रोजची सवय. एका बाजूला एक बैल, दुसऱ्या बाजूला दुसरा, असे तिघं एका ओळीत साहेबापुढून गेले.

साहेबानं हातातलं घड्याळ बंद केलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. मास्तरांनी ते मराठीत केलं, "हे बैल कोणाचे आहेत?"

मी म्हटलं, "माहे. अन् मधला बी माहाच."

साहेब एवढा हसला की टोपी पडली. मग गंभीर झाला. मास्तर म्हणाले, "साहेब म्हणतात, बैलांना प्रवेश देता येत नाही. दोघांची शर्यत उद्या सकाळी पुन्हा."

घरी येताना भाऊ बंडीवर बसला नाही, मागून चालत आला. दाराशी म्हणाला, "दादा, उद्या तू येऊ नको."

"काहून?"

"तू आला का बैल येते. लोकं हासून राहिले माह्यावर. एकच जागा आहे, दादा."

मला लागलं. मी म्हटलं, "तू बोलावलं तरी येणार नाई." आणि दुसऱ्या दिवशी खरंच गेलो नाही. बैलही घरी ठेवले, शेजाऱ्याच्या बंडीतून भाजी नेली.

बाजारात बसलो, पण हात चालत नव्हते. नेहमीची एक म्हातारी म्हणाली, "काहून रे बाप्पा, मी मेथी मांगतली, तू सांभार देऊन राहिला. ध्यान कुठी हाय तुयं?" मी म्हटलं, "सांभार बी चांगला असते." ती सांभार घेऊन गेली.

ऊन चढल्यावर दोघं आले, भाऊ आणि तो अकोल्याचा. दोघंही घामानं चिंब. भावानं माझ्या पायाला हात लावला, तेवढ्यात मला समजलं. तरी मी विचारलं नाही. शेवटी तोच म्हणाला, "लागला नंबर, दादा."

"लागणारच. नवल काय त्याच्यात?" असं म्हणून मी भाजीवर पाणी शिंपडायला वाकलो, कारण डोळे दाखवायचे नव्हते. मग त्या अकोल्याच्या पोराला विचारलं, "अन् तुयं काय, बाबू?"

"मेरा तो गुणांवरच लागला, भाईजान. आत्ताच समजलं." तो इकडेतिकडे पाहत होता. "लेकिन एक बात बताओ, बैल कुठी आहेत?"

"घरी. कडबा खाऊन राहिले."

त्यानं कपाळावर हात मारला. "या अल्ला! और मैं चारही फेरे मागेच पाहून राहिलो! हरेक मोड़ पर मले वाटे, आत्ता आले, आत्ता आले."

भाऊ घाईनं म्हणाला, "तसं काही नाई, दादा. आज मी एकटा पळालो. याच्या खांद्याले लागलोच नाई, पहिल्यापासून पुढं होतो."

"हो, पुढं होतास," तो पोरगा म्हणाला. "मी मागं पाहत असल्यावर पुढं कोण राहीन?"

मी दोघांसमोर पेरू ठेवले. भाऊ पेरू खाता खाता माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "दादा, हे कोणाले सांगू नको."

मी म्हटलं, बरं. आणि ते निघून गेल्याबरोबर शेजारच्या दुकानापासून सुरुवात करून सगळ्या बाजाराला सांगितलं.