तिच्याएवढीच खोकी

पिंपरीत नवे कारखाने उभे राहत होते, त्या दिवसांत स्टेशनजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही आठ बाया पुठ्ठ्याची खोकी चिकटवायचो. आम्ही साताऱ्याकडचे; नवऱ्याला कंपनीत काम लागलं म्हणून इकडे आलो. शेडमध्ये भिंतीला लावलेल्या लांब फळीसमोर ओळीनं बसायचं. मुकादम मान वळवू द्यायचा नाही. दिसायचे ते फक्त डाव्या-उजव्या शेजारणींचे ढीग.

माझ्या डावीकडे काळेवाडीची एक बाई बसायची, माझ्याच वयाची. पवना नदी ओलांडून यायची. उजवीकडे, ओळीच्या टोकाला, एक वयस्कर बाई; तिला आम्ही सगळ्या चाची म्हणायचो. तिचा मुलगा सायकली दुरुस्त करायचा.

एकदा काळेवाडीवालीनं आपली वाकडी चिकटलेली खोकी माझ्या ढिगात सरकवली. मुकादमानं ती सगळ्यांसमोर माझ्या पायाशी फेकली आणि दुपारपर्यंत मला दाराबाहेर उभं केलं. रस्त्यानं जाणारे कामगार बघत होते. मी आत पाहिलं, तर ही खळ ढवळत होती, ओठ मिटून हसत. त्या उन्हातच मी ठरवलं, हिला रडवायची.

संधी मुकादमानंच दिली. "जिचा ढीग मोठा, ती कामावर पक्की," म्हणाला.

मी हात पळवायला लागले. पहिले चार दिवस ती मागे राहिली आणि मला भाकरी गोड लागली. पाचव्या दिवशी तिनं मला गाठलं. मी आधी पुठ्ठे मोडून ठेवून मग एकदम खळ लावायची युक्ती काढली. आठवड्यात तीही तसंच करू लागली. तिनं पाणी प्यायला उठणं सोडलं, मग मीही सोडलं. तिच्या पलीकडची तिला बघून वेग वाढवायची, तिला बघून तिच्या पलीकडची. चाची मला बघायची.

दोन महिन्यांनी सगळ्यांचे ढीग सारखे झाले. आम्ही आठहीजणी मरमर मरत होतो आणि कुणीच कुणाच्या पुढं नव्हतं. मुकादम ओळीवरून चालत गेला आणि हसला. "सगळ्याच सारख्या! मग पक्की कुणाला करू? आता रोज एवढी खोकी झालीच पाहिजेत."

चाचीची बोटं सुजायची. महिनाभर तिनं ओढून नेलं, मग तिला काढलं. जाताना ती एवढंच म्हणाली, "बेटी, तुझा हात बघून मी धावले." मला तोंड वर करवेना. पण घरी जाताना रागाचा रोख पुन्हा काळेवाडीवालीकडेच वळला.

तरीही एकदा नळावर मी तिला म्हटलं, "दोघी मिळून जरा हात आवरू. आपल्याला बघून बाकीच्याही आवरतील."

"व्हय, पर आदी तू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी खरंच हात आवरला. तिनं आवरला नाही. संध्याकाळी माझाच ढीग बुटका दिसला. मुकादमानं मला दम भरला, आणि पुढच्या दिवशी मी परत तिच्या बरोबरीला.

"का गं, असं का केलंस?" मी विचारलं.

"मला वाटलं, तू फशिवतीयास," ती म्हणाली. आणि खरं सांगायचं, तिनं आधी हात आवरला असता, तर मीही पळवलाच असता.

असं दीड वर्ष गेलं. एकटीनं मागं सरावं तर काम जायचं, पुढं जावं तर शेजारीण चार दिवसांत गाठायची. शेजारी बसून आम्ही एकमेकींशी शब्दही बोलत नव्हतो.

मग मला चिंचवडला दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं. शेडमध्ये कुणाला सांगितलं नाही. शेवटचे आठ दिवस मी अशी खोकी चिकटवली, की बोटांची सालटी निघाली. ती हबकली. मग धावली, तिच्यामागं बाकीच्या धावल्या. आठव्या दिवशी मुकादमानं नवे ढीग पाहिले आणि खूश होऊन म्हणाला, "बायांनो, उद्यापासनं रोज एवढी झालीच पाहिजेत."

मी हात धुतले, पदर खोचला आणि तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "उद्या मी येणार नाही. तू कर."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, माझ्यानं न्हाई व्हायचं रोज एवढं."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि निघाले.

चाची धरून बाकीच्या सहाजणींनी माझं काहीच बिघडवलं नव्हतं. त्यांचं मला आजही वाईट वाटतं. तिचं मात्र मला कधीच वाईट वाटलं नाही.