केवळरामची बंगलामोटार

आलापल्लीच्या लाकूड डेपोत मी मोजदाद कारकून होतो तेव्हाची ही गोष्ट. चाकं असलेल्या घरात राहून आयुष्यभर जागचा न हललेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे केवळराम ढीवर. त्याच्यावर मला दया यायची, आणि दयेपेक्षा जास्त राग यायचा. राग अजून आहे, म्हणून तर लिहायला बसलो.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली एक लॉरी गुणवंतराव ठेकेदारानं घेतली होती. तिच्या पाठीवर लाकडी खोली, दोन खिडक्या, आत पलंग आणि स्टोव्ह ठेवायला फळी. जंगलात कूप, म्हणजे तोडीला काढलेला पट्टा, पाहायला निघाले की गुणवंतराव त्यातच मुक्काम करायचे. सगळे तिला बंगलामोटार म्हणायचे. मी आलो तेव्हा मात्र तिचं इंजिन रुसलेलं होतं आणि ती डेपोच्या कडेला मोहाच्या झाडाखाली उभी होती. राखणीला केवळराम आणि त्याची बायको गोकुळा.

केवळराम मूळचा आरमोरीकडचा. वैनगंगेत डोंगा चालवायचा, गावच्या तलावात जाळं टाकायचा. गुणवंतरावांचे बांबू नदीनं जायचे तेव्हा मालकांना अलीकडून पलीकडे नेणारा हाच. एका पावसाळ्यात गोकुळा बाळंतपणात अडली. सुईणीनं हात टेकले. गुणवंतरावांची मोटार तेव्हा चालती होती आणि नदीकाठालाच मुक्काम होता. त्यांनी क्षणाचा विचार केला नाही, गोकुळाला स्वतःच्या पलंगावर घातलं आणि चिखलातून मोटार चांद्याच्या दवाखान्यात नेली. मूल वाटेतच गेलं. गोकुळा वाचली. दवाखान्याच्या दारात केवळरामनं गुणवंतरावांचे पाय धरले आणि म्हणाला, "मालक, आजपासून हा जीव तुमचा."

गुणवंतराव वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सुटका सोपी होती. त्यानं तो शब्द अगदी प्रेमानं घेतला आणि खिशात टाकला.

गोकुळा त्या मोटारीत कधी झोपली नाही. पलंग तोच होता ना. ती खाली, दोन चाकांच्या मधे गोणपाटाचा बोरा अंथरून झोपायची आणि पावसात वर चढली तरी दारातच बसून रात्र काढायची. एकदा मला म्हणाली, "बाबूजी, जीव माहा वाचला आन् बांधले गेले हे."

त्यांच्या गावचा एक रिवाज होता. होळी झाली की ढीवरांनी, म्हणजे मासेमारांनी, मिळून जाळ्यानं तलाव ओढायचा. त्या दिवशी ज्या घरचं माणूस जाळ्याच्या दोरीला लागलं नाही, त्या घराला वर्षभर मासळीत वाटा नाही. आणि तीन वर्षं कोणीच लागलं नाही तर त्या घराचं नाव तलावावरून कायमचं निघालं. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेल्यापासून तलावावर ढीवरांचाच शब्द चालायचा, त्यामुळे वाट्याला जास्तच धार आली होती. केवळरामची दोन वर्षं हुकली होती. एकदा मालकांकडे पाहुणे होते, एकदा मालकांना ताप होता. म्हातारा बाप, रामाजी, दोरी ओढण्याच्या पलीकडे गेला होता. ही होळी गेली की केवळराम ढीवर जन्मापुरता ढीवर, तलावापुरता कोणी नाही.

माघात गुणवंतराव आले आणि म्हणाले, "केवळ्या, नागपूरचा एक गिऱ्हाईक मोटार पाहाले येऊन राह्यला. होळीच्या आधी रंग देऊन ठेव. मोटार इकली का तू मोकळा. मंग राखन तरी कशाची करशीन?"

मोकळा हा शब्द ऐकून केवळराम दिवसभर शीळ घालत फिरला. त्याला शीळ येते हेच आम्हाला माहीत नव्हतं.

चांद्याहून हिरव्या रंगाचे डबे आले. सोबतच्या ब्रशाचे केस पहिल्याच दिवशी गळले. केवळरामनं शिंदीची काडी ठेचून ठेचून स्वतःचा ब्रश केला. मला वाटलं होतं, जुन्या खाकीवर हिरवा फासेल आणि मोकळा होईल. कसचं काय! त्यानं मोटार डोंग्यासारखी हाताळली. आधी सगळे पोपडे कोयत्याच्या पाठीनं खरवडले. फळ्यांच्या फटींत चिंध्या ठासून वर डांबर भरलं. खरवताच्या खरखरीत पानांनी लाकूड असं घासलं की हात फिरवला तर रेशीम. मग उकळलेलं जवसाचं तेल पाजलं, तेल मुरू दिलं, आणि तेव्हा कुठं रंगाचा डबा उघडला. ब्रश समोरून मागं, एकाच दिशेनं. मी विचारलं, उलटा फिरवला तर काय बिघडतं? माझ्या अडाणीपणाची कीव करत तो म्हणाला, "पानी कोनत्या बाजूनं कापन हे?"

ती मोटार पाणी कापणार नव्हती. ती रस्ताही कापत नव्हती. पण किती दिवसांनी त्याच्या हाताखाली एखादी काठी-फळी आली होती जिच्याशी त्याला बोलता येत होतं. मला ते दिसत होतं आणि गोकुळालाही दिसत होतं.

एक दिवस ती त्याला म्हणाली, "आता पुरे करा. मागची बाजू राहू द्या तशीच."

"काऊन?"

"लय चांगली होऊन राह्यली. एवढी चांगली झाली तं मालक इकन कायले?"

"अवं, नजरेत भरली नाई तं घेनार कोन?"

दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत होती. गोकुळानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? लाकडाचे घनफूट विचारले असते तर सांगितले असते.

केवळरामनं मागची बाजूही रंगवली. खिडक्यांना पांढऱ्या चौकटी काढल्या. डबे संपत आले तेव्हा मोटार अशी दिसायला लागली की कामावर जाणारे मजूर वाट वाकडी करून बघायला यायचे. खालची पट्टी तेवढी उरली होती.

होळीला थोडे दिवस राहिले असताना गुणवंतराव आले. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं. मालक मोटारीभोवती फिरले, एकदा, दोनदा. पांढऱ्या चौकटीवर बोट फिरवलं. मग मोठ्यानं हसले.

"हे इकतो म्हंतलं होतं मी? येडाच होतो का रे मी? इंजिन दुरुस्त करू, पयसे लागले तं लागू दे. आन् आता हे कोन्या सोम्यागोम्याच्या हाती नाई द्यायची. तूच पायजे." त्यांनी स्वतःचा फेटा काढून केवळरामच्या डोक्यावर ठेवला. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. खरंखुरं पाणी.

मी मनात म्हणत होतो, बोल. अरे बोल लेका, तलाव म्हण, होळी म्हण, काहीतरी म्हण.

केवळराम म्हणाला, "बरं, मालक."

गोकुळा मोटारीखाली शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावर जाळं होतं आणि हातात गाठोडं. ती सरळ गुणवंतरावांसमोर उभी राहिली. बाया मालकांसमोर अशा उभ्या राहत नसत तेव्हा.

"मालक, तुमी होते म्हनून मी जित्ती हाव. मराच्या दिवसापावतर इसरनार नाई. पन बोल देल्ला तो ह्यायनं. मी नाई देल्ला."

ती नवऱ्याकडे वळली. "येता?"

केवळरामच्या डोक्यावर मालकाचा फेटा, हातात शिंदीचा ब्रश. त्यानं खालच्या पट्टीकडे पाहिलं.

"रंग ओला हाये अजून," तो म्हणाला.

तिनं खांद्यावरचं जाळं सारखं केलं. तेवढ्यात मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. मग ती चालायला लागली. तिच्या गावच्या वाटेनं आष्टीकडे निघालेल्या लाकडाच्या ट्रकवर मी तिला बसवून दिलं, तेवढंच माझ्या हातून झालं.

पुढचं ट्रकवाल्यांकडून कळलं. तलावावर ती दोरीला लागायला गेली तर लोकांनी अडवलं, बाईमाणसाचं हे काम नाही म्हणाले. तेव्हा रामाजी काठी टेकत आला आणि म्हणाला, "मानूस कोनतं ते काऊन इचारता? घर कोनाचं ते इचारा." म्हाताऱ्यापुढे कोण बोलणार? गोकुळा कमरेएवढ्या चिखलात उतरली आणि दोरी ओढली. घराचं नाव राहिलं.

त्यानंतर दरवर्षी होळी झाली की एखादा ट्रकवाला पळसाच्या पानात बांधलेली सुकी मासळी आणायचा, आणि निरोप एकच, "दोरीवर जागा हाये म्हना." केवळराम ती मासळी मोटारीखाली, गोकुळाच्या जागेवर बसून भाजायचा. वर, आत, त्यानं ती कधी खाल्ली नाही.

इंजिन काही दुरुस्त झालं नाही. पुढं गुणवंतरावांचा ठेका गेला, ते नागपूरला मुलाकडे राहायला गेले आणि मोटारीची आठवणही त्यांना राहिली नाही. चाकं जमिनीत रुतली. केवळरामला विचारणारं कोणी उरलं नव्हतं. तरी पावसाळा गेला की तो खरवताची पानं गोळा करायचा, तेल उकळायचा, आणि कुठून कुठून हिरवा रंग पैदा करून मोटारीला समोरून मागं, एकाच दिशेनं ब्रश मारायचा.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. तो खालच्या पट्टीपाशी उकिडवा बसला होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "केवळराम, मालक गेला. आता तुले कोनं धरून ठेवलं रे? जा ना घरी."

त्यानं मान वर केली. नजर खरोखरच उजळली होती, आजच निघणाऱ्या माणसासारखी.

"जातो ना, बाबूजी," तो म्हणाला. "एवढा रंग वाळू द्या."