थेंब वजनावर मिळतील

वजनकाट्याच्या फळीखाली लोखंडाचा चुरा साचतो. कोणी मुद्दाम टाकत नाही. गाड्या येतात, जातात, चुरा पडत राहतो. वर्षातून एकदा फळी उचलली की पाटीभर निघतो. किस्स्यांचं तसंच आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी तीस वर्षं काट्यावर होतो. तिथले किस्से टनावारी आहेत. पण आज सांगतो ते सुनेच्या दवाखान्यातले.

सून मृणाल जनावरांची डॉक्टर आहे. कामोठ्यात तळमजल्यावर तिचा दवाखाना. बाहेरच्या काउंटरवर मी बसतो. माझं शिक्षण चौथी, म्हणून माझ्या ताब्यात तिने एकच औषध दिलंय. घाबरट कुत्र्या-मांजरांचे थेंब. ब्राह्मी, अश्वगंधा, शंखपुष्पी. सगळा पाला आणि मुळ्या. ती चिठ्ठी लिहिते, मी बाटली देतो. थेंब किती, ते जनावराच्या वजनावर. आणि वजनाच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही!

*

शेजारी विमानतळ झाला आणि डोक्यावरून विमानं जायला लागली, तशी मांजरं पलंगाखाली जायला लागली. सावंत बाई त्यातलंच एक मांजर घेऊन आल्या. बाई शाळेत शिक्षिका. मांजराचं नाव पिकू.

पिकू दवाखान्याच्या काट्यावर उभा राहीना. मी म्हटलं, "बाई, त्याला कडेवर घेऊन तुम्ही उभ्या राहा. मग त्याला खाली ठेवून पुन्हा उभ्या राहा." बाजारात लोखंड असंच मोजतात. आधी भरलेली गाडी, मग रिकामी गाडी. फरक तो माल.

बाजाराचा आणखी एक नियम आहे. वजन मोठ्याने पुकारायचं. ड्रायव्हरने ऐकलं पाहिजे, व्यापाऱ्यानेही ऐकलं पाहिजे. म्हणजे मागाहून भांडण नाही.

मी पुकारलं, "भरलेली गाडी, ब्याऐंशी! रिकामी गाडी, अठ्ठ्याहत्तर! माल, चार किलो!"

बाकावर सात माणसं होती. त्यातले दोघे बाईंच्या वर्गातल्या मुलांचे वडील!

बाई बाटली घेऊन गेल्या. संध्याकाळी मृणालला फोन आला.

"आप्पा," मृणाल म्हणाली, "ही पहिली तक्रार. तिसरी आली की खुर्ची घरी, टीव्हीसमोर."

मी म्हटलं, "वजन बरोबर होतं."

"म्हणूनच तक्रार आलीय!"

काटा सोडल्यावर मी सहा महिने घरी बसून काढले होते. भिंतीवरच्या पालीचं येण्या-जाण्याचं टाइमटेबल मला पाठ झालं होतं. पुन्हा तिथे जायचं नव्हतं. त्या दिवसापासून वजन चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठी उलटी करून द्यायला लागलो.

*

एक जोडपं आलं. दोघेही कॉम्प्युटरवाले, गळ्यात पट्टे.

"अंकल, आमच्या कॅटला खूप स्ट्रेस आहे."

"कसला? घराचे हप्ते ती भरते का?"

नवरा हसला. बायको हसली नाही. म्हणाली, "गेल्या महिन्यापासून सोफ्यामागून बाहेरच येत नाही."

"गेल्या महिन्यात घरात नवीन काय आलं? फर्निचर? पाहुणे?"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने छताकडे बघितलं.

"माझ्या सासूबाई आल्यात," ती म्हणाली.

थेंब सांगितले. जाता जाता तिने हळूच विचारलं, "अंकल, सोफ्यामागे दोघींना जागा होईल का हो?"

*

मी न तोललेला माल कधी दिला नाही आणि न चाखलेलं औषध देत नाही. एका आजोबांनी विचारलं, "चव कशी आहे? आमचा डॉगी फार चोखंदळ."

"कडू. मी स्वतः चाखलंय."

"मग तुम्ही शांत झालात का?"

आतून मृणाल ओरडली, "नाही!"

*

दुसरी तक्रार एका हस्कीमुळे आली. हस्की म्हणजे बर्फातला कुत्रा. मालक तिसऱ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये राहणारा. म्हणाला, "काका, दिवसभर घरात गोल गोल फिरतो. चपला फाडतो. थेंब द्या."

"बाहेर किती चालवता?"

"खाली नेतो ना. पाच मिनिटं. टाइम कुठाय?"

"हा जातीने गाडी ओढणारा. त्याला पाच मिनिटं? बाटली नेताय तर न्या. पण आधी आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तासभर चालवा. मगच सील फोडा."

तो तडक आत गेला. दार उघडंच होतं. "मॅडम, तुमचे काका औषध कमी आणि लेक्चर जास्त देतात!"

मृणालने बाहेर येऊन दोन बोटं दाखवली.

पंधरा दिवसांनी तोच माणूस हस्कीला इंजेक्शनसाठी घेऊन आला. नंबर यायला वेळ होता. नंबर आल्यावर मी नाव पुकारलं, तर कोणी उठेना. बघतो तर कुत्रा बाकाखाली झोपलेला, मालक बाकावर. दोघेही घोरत होते. मालकाच्या शर्टाच्या खिशातून बाटली डोकावत होती. सील जसंच्या तसं!

तक्रार मात्र मागे घेतली नाही. दोनच्या दोन राहिल्या.

*

पाटील इथल्याच गावातले. त्यांच्या शेतावर आता सोसायट्या उभ्या आहेत. त्यांचा टायगर म्हणजे चाळीस किलोचा राखण्या. पाटील सोमवारी आले.

"आप्पा, टायगरला औशद द्या. शनवारी पुतन्याची हलद हाय. डीजे आनलाय. मागल्या टायमाला टायगर पाटावरची साडी घेऊन पलाला होता!"

मी बजावलं, "हे पाल्याचं औषध आहे. शनिवारी संध्याकाळी पाजाल तर काही होणार नाही. आजपासून रोज द्या. आणि त्याला मागच्या खोलीत ठेवा."

पुढच्या सोमवारी पाटील पुन्हा हजर.

"काय झालं? टायगर पळाला?"

"छ्या! टायगर मागच्या खोलीत निवांत झोपला. पन डीजे सुरू झाला आनि आमचा बा पलंगाखाली जाऊन बसला. आजून जेवायलाच भायेर निंगतो." मग पुढे वाकून म्हणाले, "साठ किलो असंल. घेऊन येऊ का काट्यावर?"

*

असे चार महिने गेले. दोन तक्रारींवर मी तग धरून होतो. एका शनिवारी सकाळी बाक भरलेला असताना सावंत बाई आल्या. खांद्याला जाळीची पिशवी, पिशवीत पिकू. इतके दिवस बाटली न्यायला नवरा यायचा. बाई त्या दिवसानंतर दवाखान्याची पायरी चढल्या नव्हत्या.

माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टरांना बाहेर बोलवा."

मी समजलो. तिसरी आली. मृणालला हाक मारली, चष्मा काढून डबीत ठेवला. ड्रॉवरमधली तंबाखूची पुडी खिशात घातली. पाण्याची बाटली उचलली. दुसऱ्याने उठ म्हणण्याआधी आपण उठावं. खुर्ची मागे सरकवली.

मृणाल हात पुसत बाहेर आली. "बोला बाई."

बाईंनी पिशवी बाकावर ठेवली. चपला काढल्या. पर्स मृणालच्या हातात दिली. कानातल्या कुड्यासुद्धा काढून दिल्या. आणि काट्यावर ताठ उभ्या राहिल्या.

मी सवयीने चिठ्ठी आणि पेन घेतलं.

"चिठ्ठी नको," बाई म्हणाल्या. "पुकारा."

मी मृणालकडे बघितलं. तिच्या एका हातात पर्स, दुसऱ्या हातात कुड्या. तिने मान हलवली.

मी चष्मा पुन्हा चढवला. आकडा दोनदा वाचला. मागच्या वेळी अठ्ठ्याहत्तर होता. मग कळंबोलीत चाळीस टनी ट्रेलर उभा असताना लावायचो तो आवाज लावला.

"रिकामी गाडी, एकाहत्तर!"

बाकावरची तीन कुत्री एकदम भुंकायला लागली. एक पामेरियन मालकाच्या डोक्यावर चढलं. पिशवीतला पिकू या कुशीवरून त्या कुशीवर वळला आणि पुन्हा झोपला.