यमुनाबाई साक्षीत काय म्हणाल्या

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. रविवारी सकाळी नाचणगावच्या घरी लॅपटॉप उघडून बसले होते. पुण्याच्या सायलीनं स्वतः केलेली एक डॉक्युमेंटरी पाठवली होती... सायली म्हणजे माझ्या बी.एड.च्या मैत्रिणीची मुलगी.

यातली माणसं वऱ्हाडी बोलतात, इंग्रजी सबटायटल्स तेवढे तपासून द्या मावशी, एवढंच तिचं म्हणणं. मी पुलगावच्या शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवते. म्हटलं, दोन तासांत देते.

विषय मात्र हलका नव्हता. कारंजा घाडगे तालुक्यातल्या एका गावात, शेतातल्या विहिरीजवळ एका माणसाचा खून झाला होता. त्याच्या शेजारचा शेतकरी... त्याला इथं गजानन म्हणते... नऊ वर्षं जेलमध्ये होता. वरच्या कोर्टात अपील पडून होतं.

गजाननला चुकून शिक्षा झाली का, हा फिल्मचा प्रश्न. पण ठाम उत्तर सायलीकडेही नव्हतं. कारण एक साक्ष त्याच्या विरुद्ध फार पक्की होती.

ती साक्ष यमुनाबाईंची. हेही नाव बदललंय. त्या दिवशी त्या बाजूच्या शेतात कापूस वेचत होत्या. कॅमेऱ्यासमोर त्या अगदी शांतपणे सांगतात, "आरडाओरडा आयकून मी धुऱ्यावर आली, त गजानन येऊन राह्यला होता."

खाली सबटायटल आलं. त्याचा अर्थ, गजानन आधीच तिथं येऊन थांबला होता.

मी फिल्म थांबवली. मागे नेऊन पुन्हा ऐकलं...

आमच्याकडे 'येऊन राह्यला होता' म्हणजे 'येत होता'. बस्स. माणूस जेवून राह्यला असतो, म्हणजे जेवत असतो. यमुनाबाई सांगत होत्या की ओरडणं ऐकू आलं तेव्हा गजानन विहिरीजवळ नव्हताच, तो अजून वाटेवर होता!

पुढे फिल्ममध्ये कोर्टातल्या जबाबाचं पान दिसतं. तिथेही हेच शब्द, फक्त 'राह्यला'चं 'राहिला' झालेलं. आणि निकालात त्याच्या इंग्रजी भाषांतरावरून लिहिलेलं... आरोपी आधीपासून तिथं हजर होता. तेव्हाच्या वकिलानं बाईंना एक उलट प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

सायलीला लगेच फोन लावला. तिनं ते वाक्य पुन्हा लावून ऐकलं. मग विचारलं, नक्की का मावशी? म्हटलं, हे वाक्य मी मुलांच्या वह्यांत रोज लाल पेननं खोडते, मला नाही कळणार तर कोणाला... बोलून गेले, आणि माझं मलाच कसंतरी झालं.

सायलीनं गजाननच्या आत्ताच्या वकिलांना कळवलं. ते म्हणाले, आधी बाईंनाच विचारू, पण त्यांच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. पुढच्या आठवड्यात मी आर्वीवरून कारंजाला गेले आणि तिथून वकिलांच्या गाडीनं यमुनाबाईंच्या गावी.

यमुनाबाई आता सत्तरीला आल्यात. मी त्यांना एवढंच म्हटलं, त्या दिवशी तुम्ही काय पाहिलं ते जागेवर दाखवाल का? त्या चप्पल घालून निघाल्याच.

दोन शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून त्यांनी हात केला. "ते निंबाचं झाड दिसते ना सडकेवर, तिथून पळत येऊन राह्यला होता. विहिरीपाशी मी त्याच्या आधी पोचली."

वकील लिहिता लिहिता थांबले. त्या झाडापासून विहीर चांगली दोन शेतं लांब होती.

मग मी त्यांना कोर्टानं त्यांच्या बोलण्याचा काय अर्थ घेतला ते समजावून सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. त्या धुऱ्यावरच खाली बसल्या.

"मी त त्याच्या बाजूनंच बोलली होती ना बाई," त्या म्हणाल्या. "मले वाटे, दुसऱ्या कोणाच्या साक्षीनं गेला तो अंदर."

कोर्टात जबाब वाचून दाखवला होता, त्यांनी ऐकला होता. शब्द त्यांचेच होते, म्हणून अंगठा दिला. खोटं कोणीच बोललं नव्हतं...

वकिलांनी जबाबाचं इंग्रजी भाषांतर नव्यानं करून घेण्यासाठी अर्ज केला. जबाबातला एक शब्दही बदलायचा नव्हता, हीच आमची जमेची बाजू. वऱ्हाडीबद्दल मी शपथपत्र लिहून दिलं, कुठेही न अडखळता. बाकीचे मुद्देही होतेच. दिवाळीनंतर गजाननला जामीन मिळाला, अपील अजून चालू आहे.

परवा यमुनाबाईंचा फोन आला. गजानन घरी येऊन गेला म्हणाल्या. नऊ वर्षं मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घातल्या काकू, असं त्यानं सांगून टाकलं.

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"काय म्हणू... जेवाले वाढलं त्याले."

गजानन निर्दोष आहे की नाही, ते कोर्ट ठरवेल. मी एवढंच छातीठोकपणे सांगते की यमुनाबाई पहिल्या दिवसापासून खरं बोलत होत्या. कमी पडलो ते ऐकणारे आपण. भर उन्हात मला धुऱ्यावर नेऊन सगळं दाखवलंत बाई... तुमचे मनापासून आभार.