म्हातारीनं केलेली जागा

एसटीच्या डिझेलचा वास आला की साठ-एकसष्टचं नेरचं बसस्टँड आठवतं. मला भेटून माहेरी परत निघालेल्या भावाला पोचवायला मी गेले होते. त्याचं गाठोडं ठेवायला गाडीत चढले, अन् उतरावंसंच वाटेना.

कंडक्टरनं विचारलं, "तुमाले कुठं जाचं हाय, बाई?"

"गाडी जाईन तिथवर," तोंडातून निघून गेलं.

सारी गाडी हसली. भावानं मान खाली घातली. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक म्हातारी मात्र हसली नाही. बाकावर सरकून ती म्हणाली, "बस माय. आमचे मायबाप बी बैलावर मीठ लादून असेच निघत."

मी शरमेनं उतरले.

पुढं काशी पाहिली, कन्याकुमारी पाहिली. पण हसणाऱ्यांचं ऐकून तिनं केलेली जागा रिकामी सोडली, याची लाज अजून जात नाही.